कापसाच्या खोलीतून

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली आहे. तिला खिडकी एकच, तीही हातभर. एरवी तिथं पोती, दोऱ्या, फवारणीचा पंप असं काहीबाही पडलेलं असायचं. दसरा झाला की मात्र खोली झाडून-सारवून रिकामी करायची आणि मग तिच्यात कापूस भरत जायचा. पहिल्या वेचणीचा कापूस गुडघ्यापर्यंत यायचा, दुसरीचा छातीपर्यंत. तिसऱ्या वेचणीला खिडकीही बुजायची आणि आत भरदुपारी पांढुरका उजेड उरायचा, दुधात बुडाल्यासारखा.

लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. घरच्या मांजरीनं त्या कापसात पिल्लं घातली होती. घरात कोणी नव्हतं. नवरा वावरात आणि सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, शेजारी शेंगा फोडायला गेलेल्या. मी मांजरीला शोधत ढिगावर चढले, मधल्या खळग्यात बसले आणि हळूच हाक मारली, "माऊ, कुठं हायेस गं?"

मी दचकले. तो आवाज माझाच होता, पण असा मी तो कधी ऐकला नव्हता. आमच्या घराच्या भिंती आवाज परत फेकतात, टिनाचं छप्पर त्याला झणझणीत करतं. कापसानं तसलं काहीच केलं नाही. त्यानं शब्द घेतला आणि ठेवून दिला. कोणीतरी कानाशी ओठ आणून बोलावं तितका तो जवळचा वाटला. मांजर राहिली बाजूला, मी तिथंच बसून काय काय बोलत राहिले. भाज्यांची नावं बोलले, माहेरच्या गल्लीतली घरं ओळीनं म्हटली, शाळेत शिकलेले धडे आठवतील तसे म्हटले. बाहेर आले तेव्हा केसांत, पापण्यांवर कापूस होता आणि अंगभर खाज सुटली होती. नव्या वाणाच्या कापसानं जास्तच खाज येते असं आमच्याकडच्या वेचणाऱ्या बाया म्हणायच्या. मला त्या दिवशी खाजेचंही काही वाटलं नाही.

आवाजाचं वेड माझं जुनं. मी बुलढाण्याची. वडील कारकून होते आणि घरात रेडिओ दिवसभर चालू असायचा. किराण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून त्यावरच्या बातम्या मी बातम्या देणाऱ्या बाईसारख्या वाचून दाखवायची. कॉलेजात असताना एका मोठ्या शहरात, रेडिओच्या एका केंद्रावर आवाजाची चाचणी द्यायला गेले होते. काचेच्या पलीकडच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. चांगल्या होत्या त्या, हसून बोलल्या. "आवाज फार चांगला आहे तुमचा. फक्त बोलण्यात गाव येतं."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून 'मला, तुला, त्याला' असं घोकत आले. घरी पोचल्यावर आईनं विचारलं, "काय म्हणे?" मी म्हटलं, "काही नाही, मले नाही घेतलं." आणि तोंडातून 'मले' गेलं म्हणून रडले.

पुढं लग्न होऊन मोताळा तालुक्यातल्या या गावात आले. रोहिणखेड इथून पायी जाण्याएवढं. इथं सगळेच 'मले, तुले' बोलतात, त्यामुळे ते दुःख आपोआप विरलं. मग मोबाईल आले, नेट स्वस्त झालं आणि एकदा बहिणीच्या फोनवर मी कोणीतरी घरबसल्या बोललेलं ऐकलं. बहीण म्हणाली, याला पॉडकास्ट म्हणतात, कोणीही करू शकतं, कोणाची परवानगी लागत नाही. हे शेवटचं वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते.

तर असं ते सुरू झालं. दुपारची भांडी आटोपली की मी मोबाईल घेऊन कापसात शिरायची. मोबाईल उभ्या पोत्याला टेकवायचा आणि बोलायचं. काय बोलायची? आज आत्याबाईंनी ज्वारीच्या पिठात किती मीठ घातलं. आठवडी बाजारात कोणत्या बाईनं माझ्या चपला घालून नेल्या आणि पुढच्या बाजारी परत आणून दिल्या. वेचणीच्या बाया ओटीत कापूस भरत सरीतून जातात तेव्हा लांबून पोटुशा बायांची रांग चालल्यासारखी दिसते, असलं काही. दहा-बारा मिनिटं बोलायचं आणि तसंच नेटवर टाकून द्यायचं. कापूस विकला गेला की पुढच्या दसऱ्यापर्यंत बंद.

एकदा आत्याबाईंनी दार ढकललं. कापसातून माझं नुसतं डोकं दिसत होतं.

"काय करू राह्यली वं तिथं? कोणाशी बोलतं?"

"कोणाशी नाही, आत्याबाई. रेडिओ खेळू राह्यली."

त्यांनी जरा वेळ पाहिलं. "खेळ," म्हणाल्या, "पण कापूस दाबू नको." आणि दार लोटून गेल्या.

नवऱ्यानं एकदाच विचारलं होतं, "कोण ऐकते ते?" मी म्हटलं, "अकरा जण." तो म्हणाला, "लय झाले." त्यात थट्टा नव्हती. तो मुळात कमी बोलणारा माणूस. दिवसाकाठी जेमतेम ओंजळभर शब्द वापरायचा, आणि ते 'अकरा' त्याला खरंच पुरेसे वाटले असावेत.

त्या अकरांत एक बाई स्वीडनची होती.

तिचा पहिला निरोप आला तेव्हा मी तो तीनदा वाचला. ती सोनाळ्याची, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची. लग्न होऊन, नोकऱ्या बदलत बदलत ती स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात जाऊन पोचली होती. तिथल्या वृद्धाश्रमात काम करायची. आणि तीही पॉडकास्ट करायची, मराठीतून. तिचे ऐकणारे नऊ होते. तिनं लिहिलं होतं, 'तुम्ही "मले" म्हणता तेव्हा मी कपाटात बसून रडते. कपाट यासाठी की मी तिथंच रेकॉर्डिंग करते. लोकरीचे कोट आहेत, आवाज घुमत नाही.'

मी तिला उत्तरात माझा आवाजच पाठवला. "ताई, मी कापसात बसली हाओ."

मग आमचं येणं-जाणं सुरू झालं. मी दुपारी बोलून पाठवायची तेव्हा तिच्याकडे सकाळ असायची. तिचा आवाज मला संध्याकाळी चुलीपाशी मिळायचा. भाकरी थापता थापता मी कानात तिचं गाव ऐकायची. थंडीत तिथं दुपारी दोनलाच अंधारून येतं आणि सगळ्या खिडक्यांत दिवे लावून ठेवतात, रस्त्यानं जाणाऱ्याला बरं वाटावं म्हणून. कामाच्या जागी दिवसातून दोनदा सगळं थांबवून कॉफी पितात, सोबत वेलदोड्याची गोड पोळी असते. ती दर रविवारी जंगलात जायची. उन्हाळ्याच्या शेवटी तिथं जमिनीलगतच्या झुडपांना निळी फळं लागतात. ती बादली भरून आणायची आणि बोटं आठवडाभर जांभळी राहायची. तिला हिवाळ्यात तळ्यावर चालायचा छंद लागला होता. तळं गोठून दगड होतं म्हणे. एकदा तिनं बर्फावर मोबाईल ठेवून आवाज पाठवला. खूप लांब, पाण्याच्या पोटात, कोणीतरी ताणलेली तार छेडत होतं. टुंग्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टुंग्, आणि तो आवाज तळ्याच्या या काठाकडून त्या काठाकडे पळत गेलेला ऐकू यायचा.

मी आत्याबाईंच्या कानाला मोबाईल लावला.

"काय आहे हे?"

"बरफ बोलते, आत्याबाई."

"काय म्हणते?"

"मालूम नाही."

त्यांनी दोनदा ऐकलं. "आडात दगड टाकल्यावानी वाटते," म्हणाल्या. ताईला हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, आता मी तळ्यावर गेले की मला आडच दिसतो.

ताईला मोबदल्यात आवाज पाहिजे असायचे. चुलीवर भाकरी फुगते तेव्हाचा, बैलाच्या अंगावरून हात फिरवल्याचा, दळणाच्या गिरणीचा पट्टा पडल्याचा. एकदा तिनं रोहिणखेडच्या जुन्या मशिदीतली कबुतरं मागितली. लहानपणी मामाकडे येताना ती तिथं थांबायची. मी पायी गेले. तिथं देखरेख करणारे एक म्हातारे चाचा पायरीवर बसले होते. मी त्यांना सांगितलं, एक बाई फार लांब राहते, तिला इथल्या कबुतरांच्या पंखांचा आवाज पाहिजे, मी अंगणातून घेऊ का?

चाचा हसले. "फोटो काढणारे लय येतात, बेटा. आवाज मागाले कोणी नव्हतं आलं. घे. पूछके लेती है, अच्छा करती है."

कबुतरं उडाली. काळ्या दगडांतून तो फडफडाट वर चढला आणि सावकाश खाली आला. मी डोळे मिटून उभी होते. ताईनं तो आवाज झोपण्यापूर्वी ऐकायला ठेवला.

अशी दोन वर्षं गेली. त्या दिवसांकडे आता पाहिलं तर सगळं पांढरंच दिसतं. तिकडचा बर्फ, इकडचा कापूस, आणि मधून जाणारे आमचे दोघींचे आवाज. माझं स्वप्न कुठं संपायचं आणि घरकाम कुठं सुरू व्हायचं ते मला कळत नसे. भांडी घासताना माझ्या पायाखाली गोठलेलं तळं असायचं.

तिसऱ्या वर्षी बोंडअळी आली.

सुरुवातीला काहीच दिसलं नाही. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, छातीला लागत होती, हिरवीगार. बीटी कापूस आला तेव्हापासून बोंडात अळी शिरत नाही अशी सगळ्यांची खात्री झालेली. जुन्या वर्षांत रात्रंदिवस फवारत बसायचे ते दिवस गेले, असं नवरा सांगायचा. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कापसाची छोटी पुडी यायची, अळी बीटीला सरावू नये म्हणून ती कडेनं पेरायची असायची. कोणी पेरायचं नाही. आम्हीही नाही. त्या वर्षी पोळ्यानंतर फुलं नीट उमलेनात. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेल्या राहायच्या. याला डोमकळी म्हणतात, आत अळी शिरल्याची खूण. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती सुंदर वाटली आणि मी तसं बोलूनही दाखवलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि ते फूल तोडून चुरगाळलं.

दिवाळीच्या सुमारास खोली झाडली, सारवली. पहिल्या वेचणीला घोट्याएवढा कापूस आला, तोही पिवळट, डागाळलेला. आमच्याकडे त्याला कवडी म्हणतात. दुसरी वेचणी झालीच नाही. वेचणीच्या बाया सकाळी येऊन सरीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, दोन-चार बोंडं चाचपली आणि नवऱ्याकडे न पाहता परत गेल्या. गावात सगळ्यांचं तेच. चहाच्या हॉटेलात माणसं असायची, पण आवाज नसायचा.

मी एका दुपारी खोलीत गेले आणि बोलायला तोंड उघडलं. खोली रिकाम्या हंड्यासारखी घुमली. माझा आवाज चारी भिंतींना आपटून माझ्याच अंगावर आला. मी मोबाईल बंद केला. कापसाच्या दिवसांत पहिल्यांदाच मी आठवडाभर काही टाकलं नाही.

ताईचा निरोप आला, "बरी आहेस ना?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "खोलीत नाही तर वावरात बोल. वावर कसं वाजतं ते पाठव मला."

म्हणून दुसऱ्या दिवशी भाकर घेऊन वावरात गेले तेव्हा मोबाईल चालू करून बांधावर, निंबाच्या बुडाशी ठेवला. वारा वाहत होता. झाडावर व्हलगे, म्हणजे होले, बोलत होते. नवरा आला, हात धुतले, जेवला. मी मोबाईलचं विसरले. हे मी आज शपथेवर सांगते, त्या वेळी मी खरंच विसरले होते. जेवण झाल्यावर तो उठला, पऱ्हाटीतून ओंजळभर हिरवी बोंडं तोडून आणली, माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि एकेक बोंड दोन्ही अंगठ्यांनी फोडू लागला.

टक.

"हे पाय. वरून काही कळते का? हिरवंगार. अन् आत हे."

टक.

"हे बी गेलं."

टक. टक. मग एक बोंड त्यानं माझ्या तळहातावर ठेवलं. आत कोवळा, ओला कापूस आणि त्यात ती.

"कशी गुलाबी हाये पाय. लेकराच्या नखासारखी."

तो बोलत राहिला. लग्न झाल्यापासून मी त्याला इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

"मले हिचा राग येत नाही. खरंच सांगतो. हिले काय मालूम हे माहं वावर हाये. हिले वाटत असन, पांढरं घर भेटलं." टक. "मी रोज सकायी इथं येतो ना, ते वावर पाहाले नाही येत. इथं काय पाहाचं राह्यलं? घरी तुमच्या तोंडाकडं पाहवत नाही, म्हणून येतो. माय विचारत नाही, तू विचारत नाही. तेच मले सहन होत नाही. येऊन निंबाखाली झोपून राह्यतो. स्वप्न पडते. स्वप्नात सगळं फुटलेलं असते, पांढरं, डोळे दिपतात, अन् मी वेचतो तर हाताले काही लागत नाही."

मग तो थांबला. व्हलगे पुन्हा बोलू लागले. त्यानं हात झटकले आणि म्हणाला, "जा आता तू. ऊन हाये."

घरी येऊन मोबाईल पाहिला तर सगळं त्यात होतं.

मी ते ताईला पाठवलं. संध्याकाळी फक्त एवढंच आलं, "हे सगळ्यांनी ऐकायला पाहिजे." मलाही तसंच वाटत होतं, हे मी लपवणार नाही. इतकं चांगलं माझ्या हातून कधी झालं नव्हतं. मी पुढचा-मागचा वारा थोडा कापला, 'वावरात दुपारी' असं नाव दिलं आणि टाकून दिलं. त्याला विचारायला हवं असं माझ्या मनात आलं होतं का? आलं होतं. ते मी बाजूला सारलं. तो नाही म्हणेल याची मला भीती होती.

चार दिवसांत ते गावातल्या फोनांवर फिरलं. कोणी कोणाला पाठवलं ते कळलं नाही. पाचव्या दिवशी नवरा बस थांब्यावरच्या हॉटेलात चहा घेत होता. शेजारच्या बाकावर कोणाच्या तरी मोबाईलमधून आवाज आला, टक, हे बी गेलं. तो स्वतःचा आवाज ओळखायला त्याला वेळ लागला असेल, कारण आपला आवाज असा बाहेरून त्यानं कधी ऐकलाच नव्हता. हॉटेलातली माणसं हसली नाहीत. पुढं मला कोणी तरी सांगितलं की सगळे खाली पाहत होते. एकजण मात्र चांगल्या मनानं म्हणाला, "बेस बोलला गा तू. लेकराच्या नखासारखी! खरंच तशीच असते." नवऱ्यानं कप अर्धा ठेवला आणि उठला.

घरी आला तेव्हा काही झालंय हे मला कळलंच नाही. जेवला, हात धुतले, खाट अंगणात ओढली. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी त्याला ताट वाढताना म्हटलं, "बोलत काऊन नाही?" तर तो म्हणाला, "बोलतो ते मोबाईलमधी जाते."

मी ताट ठेवून आत गेले.

आत्याबाई माजघरात तांदूळ निवडत होत्या. त्यांना सगळं आधीच माहीत होतं. मान वर न करता त्या म्हणाल्या, "त्यानं मन तुह्या पदरात टाकलं होतं. तू ते चावडीवर नेऊन मांडलं वं." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. कबुतरांसाठी मी तीन मैल चालत जाऊन विचारलं होतं. घरच्या माणसाला विचारायला ओसरीतून अंगणात जायचं होतं.

मी ते काढून टाकलं. मोबाईलमधूनही पुसलं. मग अंगणात जाऊन खाटेच्या पायाशी बसले आणि सांगितलं, "पुसलं मी. चुकलं माहं."

तो आभाळाकडे बघत होता. सूर्य नुकताच गेला होता, घरोघरी चुली पेटत होत्या.

"विचारलं असतं तर मी हाव म्हणलो असतो का नाही, मालूम नाही," तो म्हणाला. "पण विचाराले पाह्यजे होतं."

"हाव."

"अन् ते स्वप्नाचं कायले टाकलं? बाकीचं ठीक हाये. बोंडं सगळ्याचीच गेली. स्वप्न तं माहं होतं."

मी उठून मोबाईल आणायला आत गेले.

मी ताईला सांगितलं की काढून टाकलंय, तुझ्याजवळचंही पूस. ती लगेच बोलली. "माझ्याकडचं राहू दे. मी कामावर जाताना रोज ऐकते. कोणाला देणार नाही." मी म्हटलं, "ताई, ते माझं नाही. मी तुला द्यायलाच नको होतं." मग तिनं मला तिच्या वडिलांबद्दल सांगितलं. तेही सोनाळ्याला कापूसच करायचे. ती दर आठवड्याला फोन करायची, ते हवामान सांगायचे, तब्येत बरी म्हणायचे आणि फोन आईकडे द्यायचे. ते गेले तेव्हा तिच्याकडे बर्फाचं वादळ होतं, विमानं बंद होती. "माझ्याजवळ त्यांचा आवाजच नाही गं. तुझ्या नवऱ्याचा आवाज त्यांच्यासारखा नाही. पण थांबतो कसा, ते त्यांच्यासारखं आहे."

हे ऐकलं तेव्हा मी चुलीपाशी होते. मन म्हणत होतं, राहू दे तिला, कोणाचं काय जातंय. शेवटी मी पुन्हा तेच सांगितलं. पूस.

तिचा आवाज यायचा बंद झाला. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. संध्याकाळी भाकरी थापताना कान रिकामे असायचे. तिच्या खिडक्यांतले दिवे मला आठवायचे आणि वाटायचं, आपण बाहेरून कोणाच्या तरी घरासमोरून चाललोय. नवरा हळूहळू बोलू लागला होता, कामापुरतं. त्यानं पऱ्हाटी उपटून काढली, दोघांनी मिळून काड्यांचे भारे बांधले, विहिरीला पाणी होतं म्हणून उशिरा का होईना हरभरा पेरला. मी मोबाईलमध्ये काही बोलत नव्हते. वावरात जाताना तो घरीच ठेवायची, नवऱ्याच्या डोळ्यांसमोर, फळीवर. नवरा पाहायचा आणि न पाहिल्यासारखं करायचा.

पौषाच्या शेवटी एका दुपारी ताईचा निरोप आला. एकच शब्द होता, 'पुसलं.' आणि त्याखाली थोड्या वेळानं दुसरा, 'भाचीच्या लग्नाला येतेय. तुझ्याकडे येऊ का?'

ती आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. मी दोन वर्षं जिच्याशी बोलत होते ती कोटांच्या कपाटात बसणारी, उंच, सावकाश चालणारी बाई होती. नांदुऱ्याच्या बसमधून उतरली ती माझ्यापेक्षा बुटकी, चष्मेवाली, हातात लग्नाच्या लाडवांचा डबा. आम्ही एकमेकींसमोर उभ्या राहिलो आणि दोघींनाही काही सुचेना. चहा झाला. आत्याबाईंनी तिची आईबापाकडची सगळी चौकशी केली. "थो बरफ अजून बोलते का?" असंही विचारलं. पण आमच्या दोघींमध्ये मात्र पाहुण्यांसारखं, "प्रवास बरा झाला का," "हो, बरा झाला," एवढंच. तिचा आवाज कानातल्यापेक्षा पातळ वाटत होता. तिलाही माझा तसाच वाटत असावा.

शेवटी मी म्हटलं, "ताई, वावरात येतं का? हरभऱ्याले घाटे भरले आहेत."

दोघींनी मोबाईल फळीवर ठेवले. मी न सांगता तिनं तिचा माझ्या मोबाईलशेजारी ठेवला.

नवरा पाणी धरत होता. आम्हाला पाहून तो पाण्याचं बारं दुसऱ्या सरीत वळवून वर आला, पायांना चिखल. मी ओळख करून दिली. ताईनं हात जोडले आणि जोडलेलेच ठेवून म्हणाली, "मी तुमचं बोलणं ऐकलं होतं. तुम्हाला न विचारता. बरेच दिवस ऐकलं. आता पुसलंय."

मला वाटलं आता तो मान हलवून पाण्याकडे परत जाईल. तो उभा राहिला. थांबला, तसाच, जसा तो थांबतो. ताई त्याच्याकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरून येत होते.

"तुमच्या वडिलांचं वावर कोणत्या अंगाले होतं?" त्यानं विचारलं.

"डोंगराकडं. नाल्याच्या पलीकडं."

"मुरमाड असन मंग."

"हो, मुरमाडच. दगड वेचून वेचून बाबांची बोटं वाकडी झाली होती."

"तिथं तूर चांगली येत असन."

"यायची. मला आठवतं, शेंगा सोलायला बसवायचे आम्हाला." ती बोलता बोलता आमच्या बोलीवर आली. "मले लय कंटाळा ये."

तो हसला. त्या हंगामात मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. मग त्यानं बांधावरचा पालापाचोळा, थोड्या काटक्या गोळा केल्या, हरभऱ्याची पाच-सहा झाडं मुळासकट उपटून आणली आणि जाळावर धरली. आम्ही तिघं गोल बसलो. हिरवे घाटे जाळात फुटत होते. ओला, आंबूस धूर डोळ्यांत जात होता. समोर ऊन पिकावर असं पसरलं होतं की पान कुठलं आणि उजेड कुठला ते वेगळं करता येत नव्हतं. हातांवर चोळून चोळून आम्ही तो हुळा खाल्ला. बोटं काळी, ओठ काळे.

"तिकडं काय पेरतात?" त्यानं ताईला विचारलं.

"बटाटे. सातू. जास्त करून गवतच, गाईंसाठी. पाच महिने जमीन मोकळी असते. बाकी बर्फाखाली."

"सात महिने काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मंग तवा शेतकरी काय करते?"

ताईनं विचार केला. "लाकडं फोडतो. जाळी विणतो. माझ्या ओळखीचा एक म्हातारा आहे, तो हिवाळाभर लाकडाचे चमचे कोरतो. कोणाला देत नाही. कोरतो आणि फळीवर मांडतो."

"अन् बोलतो का?"

"नाही. पण मी चमचा हातात घेतला की मग थोडं बोलतो."

नवऱ्यानं मान हलवली. त्याला ते पटलं असावं. मग तो आपणहून विहिरीबद्दल सांगू लागला, ती कशी खणली, कितव्या हातावर खडक लागला, कोणत्या वर्षी आटली. ताई एकेक विचारत होती, तो सांगत होता. पाणी कुठल्या कुठं वाहून चाललं होतं आणि त्याला त्याचं भान नव्हतं. कापूस असता तर त्यानं ते सगळं ठेवून घेतलं असतं, असं मला एकदा वाटून गेलं आणि मग तेही विरलं.

पुढल्या वर्षी आम्ही अर्ध्या वावरात मका लावला. कापूस थोडाच केला आणि अळीला थारा उरू नये म्हणून पौष लागायच्या आत पऱ्हाटी उपटून मोकळे झालो. मी पुन्हा बोलू लागले, माझं माझं. ऐकणारे तेवढेच आहेत, एक-दोन इकडे तिकडे. कधी नवरा दाराशी येऊन उभा राहतो. मी मोबाईलकडे बोट दाखवून डोळ्यांनी विचारते. एखाद्या दिवशी तो "चालू दे" म्हणतो आणि मुरूम, पाणी, बैल यांच्याबद्दल चार वाक्यं सांगून जातो. बहुतेक दिवशी "आज नको" म्हणतो. मग मी तो बंद करते, आणि तो माझ्या शेजारी बसून जे सांगायचं ते सांगतो.